रोजनिशी आणि व्हाउचर, दोन्हींसाठी एकच पेन पुरेल का?

रोजकीर्द:

नमस्कार. मी पुण्यातील एका पतसंस्थेच्या लेखा विभागात काम करते. संगणक येऊन बरीच वर्षे झाली, तरी आमचे हाताने लिहिणे काही संपलेले नाही. व्हाउचर, जमापावत्या, धनादेश, मासिक सभेचे इतिवृत्त आणि हिशेबतपासनीस येण्याच्या आठवड्यात रजिस्टरच्या समासात बारीक अक्षरांत केलेल्या नोंदी, असे सगळे मिळून दिवसाचे दोन-अडीच तास तरी हातात पेन असते. त्यातही व्हाउचरचे पुस्तक तीन प्रतींचे आहे आणि मध्ये कार्बन घालावा लागतो. याखेरीज रात्री झोपण्यापूर्वी मी अर्धे पान रोजनिशी लिहिते, आणि साताऱ्याच्या आत्याला महिन्याकाठी एक पत्र पाठवते, कारण तिला फोनवर नीट ऐकू येत नाही.

आजवर दहा रुपयांची बॉलपेने डझनाने आणून वापरली. दुपारपर्यंत ती ठीक चालतात. नंतर टोकाशी शाईचा गोळा साचतो, तो नेमका रकमेच्या आकड्यावर पडतो, आणि संध्याकाळी अंगठ्याचे मूळ दुखू लागते. मध्यंतरी कंटाळून जेल पेन घेतले. अक्षर सुरेख आले, हातही हलका झाला, पण तिसऱ्या प्रतीवर काहीच उमटेना. शिवाय गेल्या जुलैत पिशवी भिजली, तेव्हा रोजनिशीची आठ-दहा पाने नुसती निळी होऊन बसली.

पाचशे रुपयांच्या आत दोन्ही कामे भागवणारे, हाताला त्रास न देणारे आणि ज्याची रिफिल पुण्यात सहज मिळेल असे एकच पेन कोणी सुचवू शकेल का? काउंटरवर ‘मॅडम, जरा पेन द्या’ म्हणून नेलेले पेन परत येतेच असे नाही, हेही ध्यानात घ्यावे.

दस्तलेखक:

आपल्या कार्यालयीन पेनाचा निकाल कार्बननेच लावून ठेवला आहे. मी बरीच वर्षे दस्तांचे मसुदे आणि नकला लिहून पोट भरले, त्यामुळे या विषयावर थोडे अधिकाराने बोलतो.

कार्बनखालची प्रत उमटते ती दाबामुळे. बॉलपेनच्या टोकाशी टंग्स्टन कार्बाइडची कठीण गोळी असते, तिच्यावरून उतरणारी शाई तेलकट व दाट असते आणि ती कागदावर यावी म्हणून मुळातच थोडा जोर द्यावा लागतो. तोच जोर खालच्या दोन प्रतींपर्यंत पोहोचतो. जेलची शाई पाण्याच्या आधाराने बनवलेली असते. गोळी फिरू लागली की ती पातळ होते, थांबली की पुन्हा घट्ट होते, त्यामुळे हात आपोआप हलका पडतो आणि तिसरी प्रत कोरी राहते. जेल पेन दाबून चालवले, तर त्याचे सुईसारखे टोक वाकते किंवा गोळी घट्ट बसते, म्हणून तो उपाय नव्हे.

तेव्हा कार्यालयासाठी बॉलपेनच, परंतु अलीकडच्या कमी घट्ट शाईचे. युनि कंपनीचे जेटस्ट्रीम २००६ साली आले आणि तेव्हापासून अशा शाईची चाल रुळली. तिचा पाया तेलाचाच असल्याने कार्बन चालतो, पण जुन्या बॉलपेनइतका जोर लागत नाही आणि टोकाशी गोळाही कमी साचतो. तो गोळा, जाता जाता सांगतो, वळणदार अक्षरे लिहिताना टोकाच्या कडेवर साठलेल्या शाईचा असतो. पेन बोटांत मधूनमधून थोडे फिरवले आणि टोक कागदी रुमालाला पुसले, तर स्वस्त पेनातही तो बराच आटोक्यात राहतो.

टोकावरचा ०.७ किंवा १.० हा आकडा गोळीचा व्यास असतो. रेघ त्यापेक्षा बरीच बारीक, साधारण निम्म्या जाडीची उमटते. तीन प्रतींसाठी १.० घ्यावे, कारण ०.५ च्या टोकाने दाबून लिहिले की वरची प्रत फाटल्यासारखी चरते. आणखी एक विचारतो: आपण कार्बन किती दिवसांनी बदलता? तिसऱ्या प्रतीखाली जाड पुठ्ठा सरकवता का? पुस्तकाची उरलेली पाने खाली गादीसारखी दबतात आणि अर्धा जोर तीच खातात. पेन बदलण्याआधी हे दोन्ही करून पाहावे.

पेनाचे शरीर घेताना रिफिलीचा आकार पाहावा. पार्करचे जॉटर १९५४ साली निघाले आणि त्याच्या पुढच्या पिढीतील रिफिलीचा आकार इतका रुळला की आज अनेक कंपन्यांच्या रिफिली त्यात बसतात. युनिची एसएक्सआर-६०० ही जेटस्ट्रीमच्या शाईची रिफिल त्याच आकाराची आहे. ती प्रत्येक दुकानात मिळत नाही, मागवून घ्यावी लागते, पण साधी रिफिल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळत असल्याने काम कधी अडत नाही.

आता टिकाऊपणाविषयी. बॉलपेनच्या शाईसाठी आयएसओ १२७५७-२ आणि जेलसाठी २७६६८-२ अशी कागदोपत्री वापराची आंतरराष्ट्रीय मानके आहेत. पाणी, उजेड, खोडणे आणि रसायने यांना शाई किती दाद देते हे त्यांत तपासले जाते. रिफिलीवर किंवा वेष्टनावर हा आकडा असेल, तर धनादेशासाठी ती निःशंक वापरावी. साध्या बॉलपेनचा रंग पाण्याला दाद देत नाही, पण ॲसिटोनसारख्या द्रवाने तो सुटतो. रंगकणांची, म्हणजे पिगमेंटची, जेल शाई कागदाच्या तंतूंत अडकून बसते आणि सहसा निघत नाही. आपली रोजनिशी वाहून गेली त्या पेनाची शाई नुसत्या विरघळणाऱ्या रंगाची असणार. जुन्या काळी आपल्याकडे काजळाची शाई होती, म्हणजे निव्वळ कार्बनचे कण. पेशवे दफ्तरातले मोडी कागद आजही वाचता येतात ते त्यामुळेच.

खोडता येणाऱ्या शाईच्या पेनाला मात्र कार्यालयात थारा देऊ नये. माझ्या हाताखालच्या एका मुलाने भाडेकराराच्या शेवटच्या पानावर असल्या पेनाने साक्षीदाराची सही घेतली आणि पान लॅमिनेशनला दिले. यंत्रातून पान बाहेर आले तेव्हा छापील मजकूर जिथल्या तिथे होता, सहीची जागा मात्र कोरी करकरीत. ती शाई घासल्याने पुसली जात नाही, घासण्याच्या उष्णतेने रंगहीन होते, आणि सुमारे ६० अंश सेल्सिअसला सगळेच लिखाण मावळते. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या काचेखाली तेवढी उष्णता सहज होते. पान शून्याखाली दहा-वीस अंशांपर्यंत थंड केले की अक्षरे पुन्हा दिसू लागतात, पण साक्षीदाराला फ्रीझर दाखवून कोणाचे समाधान होणार?

दहाचीनोट:

इतका खल कशासाठी? दहा रुपयांचे पेंटॉनिक घ्यावे, चालते तोवर चालवावे, हरवले तर हळहळू नये. राहिला काउंटरचा प्रश्न. पेन मागणाऱ्याला टोपणाचे पेन द्यावे आणि टोपण आपल्या हातात ठेवावे. बिनटोपणाचे पेन कोणीही खिशाला लावत नाही, निमूट परत येते. आमच्या टपाल खिडकीवर वीस वर्षे हाच नियम आहे, आणि सुतळीने बांधलेल्या पेनापेक्षा तो सभ्य दिसतो.

निळीदौत:

दस्तलेखक यांचे कार्यालयासंबंधीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे; मतभेद आहे तो ‘एकच पेन’ या अटीशी. ज्या हाताने दिवसभर कार्बनवर जोर दिला, त्याच हाताला रात्री पुन्हा तेच टोक देऊन रोजनिशी लिहायला बसवणे हा हातावर अन्याय आहे. आपण रोजनिशीसाठी शाईचे पेन घ्यावे.

निबेच्या मधोमध बारीक चीर असते, चिरेतून शाई केशाकर्षणाने टोकापर्यंत येऊन थांबलेली असते, आणि टोक कागदाला नुसते टेकले तरी ती उतरते. बॉलपेन जरा उभे धरावे लागते. शाईचे पेन अंगठ्याच्या बेचक्यात आडवे विसावते. आपल्या अंगठ्याचे दुखणे पकडीच्या घट्टपणातून येत असेल, तर हा फरक आठवडाभरात जाणवेल. मात्र पहिले काही दिवस जुन्या सवयीने दाबून लिहाल आणि निबेचे दोन्ही दात फाकतील, एवढे सांभाळावे.

निब बारीकच घ्यावी, हा माझा आग्रह आहे. आपल्या लिपीत एकेका अक्षराच्या पोटात इतक्या गाठी आणि पोकळ्या असतात की जाड निबेने ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ सारखेच दिसू लागतात, आणि ‘ध’ची गाठ भरून गेली की तो ‘घ’ आहे की ‘ध’ हे संदर्भावरून ओळखावे लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट पेन उचलण्याची. इंग्रजी लिहिणाऱ्याला एका दमात शब्द संपवता येतो; आपण मात्र काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांसाठी दर क्षणी पेन उचलतो आणि शेवटी शिरोरेषा ओढायला पुन्हा मागे येतो. (मोडीत आधी आडवी रेघ मारून घेत आणि मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहीत, ती यातूनच काढलेली सोय.) म्हणून टेकताक्षणी न उमटणारे पेन आपल्याला अजिबात उपयोगाचे नाही. ठिपका राहिला की ‘अंत’चा ‘अत’ होतो.

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत मी पाहतो, गिऱ्हाईक येते, काउंटरवरच्या चिटोऱ्यावर गोल गोल रेघोट्या मारते आणि ‘छान चालतंय’ म्हणून पैसे देते. रेघोट्यांत पेन उचलले जात नाही, त्यामुळे खरा दोष कळतच नाही. मी घरच्या वहीचे पान बरोबर नेतो आणि त्यावर ‘तऱ्हा, संपूर्ण, ज्ञान, कर्तव्य, चिंच’ एवढे पाच शब्द लिहितो. मग पेन उघडे ठेवून दुकानदाराशी दोन-तीन मिनिटे गप्पा मारतो आणि तेच शब्द पुन्हा लिहितो. दुसऱ्या खेपेला ‘तऱ्हा’तला अर्धचंद्र पहिल्या फटक्यात उमटला, तर पेन घ्यायचे. दुकानदार निब दौतीत बुडवून देतो, तेव्हा ती आधी पुसायला सांगावी. बुडवलेली निब कोणतीही असली तरी दहा ओळी सुंदरच चालते.

शाई भरण्याच्या पद्धतीचाही विचार करावा. ड्रॉपरने पोटात थेट शाई भरायची एबोनाइटची पेने मला स्वतःला अतिशय प्रिय आहेत, पण त्यांतली शाई संपत आली की आतली हवा हाताच्या उबेने प्रसरण पावते आणि निबेवाटे थेंब ढकलते. नेमके पत्राच्या शेवटच्या ओळीवर. आपण प्रथमच घेत असाल, तर कन्व्हर्टर, म्हणजे दौतीतून शाई ओढून घेणारी सुटी नळी, बसणारे पेन घ्या. पोलादी निबेची भारतीय बनावटीची चांगली पेने आपल्या अंदाजात मिळतात. सोनेरी मुलाम्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, कारण लिहिते ते टोकावरचे इरिडियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कठीण धातूचे दाणेदार टोक.

शाईबाबत आपली जुलैची हकिकत लक्षात ठेवावी लागेल. नेहमीची धुऊन निघणारी निळी शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या कॅम्लिनच्या शाईवर आमची पिढी वाढली, पण शाळेच्या गणवेशावरून निघावी म्हणून केलेली शाई रोजनिशीत टिकावी अशी अपेक्षा करणे योग्य नाही. लोहयुक्त शाई कागदावर हवा लागून गडद होते आणि पाण्याने जात नाही. मात्र निळी-काळी म्हणून विकली जाणारी प्रत्येक शाई लोहयुक्त नसते, म्हणून बाटलीवर वाचून घ्यावे. अशी किंवा पिगमेंटची शाई भरली, तर पेन महिन्याकाठी साध्या पाण्याने धुवावे, नाहीतर ती आत सुकून वाट बंद करते.

कागदावर खळ बरी दिलेली असली की शाई पृष्ठभागावर राहते. खळ कमी असली की तंतूंतून पसरते आणि अक्षराला केस फुटतात. पुण्याच्या पावसाळ्यात कागद दमट होतो, तेव्हा चांगल्या वहीतही थोडे हे होणारच. जाड हातकागद दिसायला देखणा असतो, परंतु खरखरीत असेल तर बारीक निब त्यात अडकते. पत्रासाठी घोटीव कागद घ्या, आत्याबाईंना वाचायलाही सोपे जाईल.

डावखुरा:

मी डावखुरा असल्यामुळे माझा हात लिहिलेल्या ओळीवरून पुढे जातो, म्हणून वर सांगितलेले शाईचे पेन मला जमले नाही. करंगळीखालचा तळवा कायम निळा राहायचा. जेलनेही तेच केले. कमी घट्ट शाईचे बॉलपेन मात्र लगेच वाळते आणि गेली चार वर्षे मी तेच वापरतो, तेव्हा त्या सूचनेला माझा दुजोरा.

एकाच पेनाचा हट्ट असेल, तर जॉटरच्या आकाराची जेल रिफिलही मिळते. दिवसा बॉलची, रात्री जेलची, असा प्रयोग मी करून पाहिला. आठव्या दिवशी रिफिल बदलणे थांबले आणि ती जेलची रिफिल खणात सुकून गेली. दोन पेने घेणेच बरे. अंगठ्यासाठी एक साधा उपाय: पेन्सिलीवर चढवायची रबराची जाड नळी दुकानात किरकोळ किमतीला मिळते, ती बारीक पेनावर चढवली की पकड सैल होते. धातूचे गुळगुळीत पेन घाम आलेल्या बोटांतून घसरते आणि मग आपण नकळत ते आवळून धरतो.

रोजकीर्द:

सर्वांचे मनापासून आभार. दस्तलेखक काकांचे म्हणणे आधी करून पाहिले. कार्बन बदलला आणि तिसऱ्या प्रतीखाली जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा सरकवला, तर माझ्या जुन्याच दहा रुपयांच्या पेनाने तिसरी प्रत वाचता येण्याजोगी आली. कार्बन कधी बदलला होता याची नोंद, सांगायला लाज वाटते, लेखा विभागात कोणाकडेच नव्हती.

शनिवारी अप्पा बळवंत चौकात जाताना व्हाउचरची तीन कोरी पाने आणि कार्बन बरोबर नेला. दुकानदारांनी एकदा माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच पुठ्ठा काढून दिला. जॉटरच्या आकाराची रिफिल बसणारे, रबराच्या पकडीचे एक पेन घेतले आणि कमी घट्ट शाईची १.० ची रिफिल मागवून ठेवायला सांगितली. तोवर साध्या रिफिलीने काम चालू आहे. रोजनिशीसाठी कन्व्हर्टरचे, बारीक निबेचे शाईचे पेन घेतले. पाच शब्दांच्या परीक्षेत पहिली दोन पेने ‘चिंच’वर नापास झाली, तिसरे उत्तीर्ण झाले. दोन्ही मिळून पाचशेच्या थोडे वर गेले. काउंटरसाठी टोपणाचा नियम सोमवारपासून लागू केला आहे.

एक शंका उरते. निळीदौत, आपण सांगितलेल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले हे पेन घरी शाई भरल्यावर मात्र पानाच्या मध्यावर फिके पडते, आणि झटकले की पुन्हा चालते. निब सदोष असेल का?

निळीदौत:

बहुधा नाही. दुकानात निब दौतीत बुडवलेली होती, घरी शाई आतून यावी लागते आहे, आणि नव्या पेनाच्या आतल्या वाटेवर कारखान्यातल्या तेलाचा अंश राहिलेला असतो, त्यामुळे शाई मधेच अडते. कन्व्हर्टर काढून निबेचा भाग कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकून पाच मिनिटे ठेवा. मग स्वच्छ पाणी कन्व्हर्टरने दहा-बारा वेळा ओढून सोडा आणि निब खाली करून कागदी रुमालावर रात्रभर उभी ठेवा. पाणी गरम घेऊ नये, प्लॅस्टिकचा भाग वाकतो. एवढे करूनही फिके पडले, तर निब बदलून देण्यास दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत. पावती मात्र जपून ठेवा. आणि पेन झटकू नका. आमच्या घरातल्या एका भिंतीवर १९८२ सालचे थेंब अजून आहेत.